म्हातारा बैल: दावणीला ठेवायचा की सोडून द्यायचा?

उदगीरचा मामा: यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैलाच्या खांद्यावर तूप-हळद चोळत होतो. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, एक दिवस पुरणपोळी अन् बाकी 364 दिवस दावं. सोडून का देत नाही?" आमचा बैल देवणी जातीचा, सतरा वर्षांचा. दात झिजलेत, कडबा चघळतो अन् गोळा लाळेसकट खाली टाकतो. ट्रॅक्टर आल्यापासून मानेवर जू नाही. पण सोडू कुठं? गायरान उरलं नाही. शीव ओलांडली की दुसऱ्याची तूर, अन् तुरीत शिरला की पाठीवर कुऱ्हाड. मी तर म्हणतो, मरेपर्यंत दावणीलाच.

परभणीची वाटसरू: मामा, गोऱ्ह्याला वेसण घालताना त्याचे डोळे बघितलेत कधी? आधी बडवून खच्ची करायचं, मग नाक टोचायचं, दहा-बारा वर्षं औत ओढवायचं, वर पोळ्याला झूल. सोडा असं मीही म्हणत नाही. आहेत ती सांभाळा, नवी जन्माला घालू नका.

कंधारी गडी: म्हणजे देवणीतले वानेरा, बालंक्या, शेवेरा हे प्रकार फोटोत बघायचे? आमच्या लाल कंधारी जातीचंही तेच. वाण एकदा गेलं की गेलं, ताई.

परभणीची वाटसरू: वाण तुम्हाला पाहिजे. बैलाला काय त्याचं?

कडबा संपला: गाईला 1976 च्या कायद्यापासून संरक्षण होतं, 2015 पासून बैलही कापता येत नाही. म्हाताऱ्याला गिऱ्हाईक नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दोनदा नेला, दोनदा परत आणला, टेम्पोचं भाडं अंगावर. वावरात सगळं सोयाबीन, ज्वारी बंद, म्हणून कडबाही विकतचा. शेवटी एका रात्री मी सोडला. पंधरा दिवसांनी अहमदपूर रोडला डिव्हायडरपाशी बसलेला दिसला, मोडक्या डाव्या शिंगावरून ओळखला. गाडी हळू केली. थांबलो नाही.

उदगीरचा मामा: हे लिहायला छाती लागते, पण चुकलंच तुमचं. दुष्काळात लोक चारा छावणीत जनावरांशेजारी झोपले, पण दावं सोडलं नाही.

कडबा संपला: छावणीत चारा सरकारचा होता, मामा. माझ्या दावणीला कुणी टाकणार होतं?

परभणीची वाटसरू: मी महिन्याला काही पैसे देऊ शकते. खरंच विचारते, एका बैलाला किती लागतील?