मदत हवी: दोन ६२०४ बॉल बेअरिंगं आणि सर्कलिपचा स्टॅक-अप (एकामागोमाग भागांच्या मापांची बेरीज), स्पेसर ग्राइंड करून भागेल का?

अॅल्युमिनियम हाउसिंग, शाफ्ट फिरतो, मापं मिमीमध्ये. बोअरमध्ये शोल्डरला (आतल्या पायरीला) टेकून ६२०४, मग बाहेरच्या रिंगांमध्ये २० ± ०.०५ चा स्पेसर (अंतर राखणारी रिंग), पुन्हा ६२०४, वरून १.७५ ची सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंग रिंग). शोल्डरपासून खाचेची बाहेरची भिंत ४९.९० ± ०.०५. बेअरिंगची रुंदी १४ (+०/−०.१२), सर्कलिपची जाडी +०/−०.०६. बेअरिंग आणि सर्कलिपमधली फट ०.०५ ते ०.२० हवी. वर्स्ट केसने (सगळी मापं टोकाला धरून) ०.०५ ते ०.५५ येते, आरएसएसने (टॉलरन्सच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) साधारण ०.१९ ते ०.४१. स्पेसर ±०.०२ केला तर?

प्रतिसाद १:
नाही भागणार. वर्स्ट केस ±०.२५ चा ±०.२२ होईल, आरएसएस ±०.११५ वरून ±०.१०५. ग्राइंडिंगचा खर्च तेवढा वाढेल. खरा वाटा बेअरिंगांचा आहे आणि तो तुमच्या हातात नाही. आरएसएसवरही फार विसंबू नका. प्रत्येक माप स्वतंत्र आणि मध्यावर आहे असं ते गृहीत धरतं. एकाच लॉटची दोन बेअरिंगं बहुधा एकाच बाजूला झुकलेली असतात.

आधी ड्रॉइंग बघा. ४९.९० थेट बाहेरच्या भिंतीलाच दिलंय ना? आतल्या भिंतीला ४८.०५ देऊन खाचेची रुंदी १.८५ एच१३ (+०.१४/−०) वेगळी दिली असेल, तर आणखी ०.१४ साखळीत शिरतात आणि कमाल फट ०.६९ होते.

प्रतिसाद २:
३७×४७ च्या शिम (पातळ चकत्या) ठेवा, ०.१, ०.२ आणि ०.३ एवढ्याच पुरतात. मोजलेली फट ०.२० पर्यंत असेल तर शिम नको, ०.३० पर्यंत ०.१, ०.४० पर्यंत ०.२, ०.५० पर्यंत ०.३, त्यावर ०.३ + ०.१. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजताना बेअरिंग शोल्डरकडे दाबा आणि सर्कलिप बाहेरच्या भिंतीला ओढून धरा. ती खाचेत निदान ०.१० मोकळी असते. आतल्या भिंतीवर बसलेली राहिली तर फट तेवढीच कमी दिसते आणि चुकीची शिम पडते.

धागाकर्ता:
ड्रॉइंगवर माप आतल्या भिंतीलाच आहे, बदलतो. शिमऐवजी वेव्ह वॉशर (लाटेसारखा स्प्रिंग वॉशर) चालेल?

प्रतिसाद २:
चालेल, मोजणीही वाचेल. पण बाहेरची रिंग सरकली पाहिजे: बोअर एच७ (सैल बसणारा) ठेवा, एन७ (घट्ट) मध्ये रिंग अडकते आणि वॉशर नुसता दबून बसतो. वॉशरच्या कामाच्या उंचीइतका स्पेसर आखूड करा.

प्रतिसाद १:
शिमच लावणार असाल तर तापमानही धरा. ५० मिमी लांबीत ५० अंश वाढीला अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा सुमारे ०.०३ जास्त वाढतं. थंड असताना ०.२० असलेली फट गरम झाल्यावर ०.२३ होईल.