मदत हवी आहे: टूरबियाँचा (घड्याळातला फिरता पिंजरा) मनगटावर खरंच काही उपयोग होतो का?

मंडळी, जरा जाणकारांनी सांगा. ब्रेगे या घड्याळजीनं 1801 मध्ये टूरबियाँचं पेटंट घेतलं तेव्हा घड्याळ खिशात तासन्‌तास उभंच राहायचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे बॅलन्स व्हीलमधली (मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक) चूक एकाच बाजूला साठत जायची, म्हणून त्यानं बॅलन्स आणि एस्केपमेंट (चाकांना ठेक्यानं एकेक दात पुढे सोडणारी यंत्रणा) सगळं एका पिंजऱ्यात बसवून पिंजराच फिरता ठेवला (बहुतेक घड्याळांत मिनिटाला एक फेरी), इथपर्यंत डोक्यात शिरलं. पण हात तर दिवसभर वरखाली हलतच असतो ना, मग मनगटी घड्याळात हे नुसतं डायलमध्ये खिडकी पाडून मिरवायला आहे की वेळेतही फरक पडतो? दिसतं भारी, ते मान्यच.

अजून एक, हातानं केलेलं फिनिशिंग ओळखायचं कसं? ब्रिजच्या (आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) कडा तिरक्या घासून चमकवतात त्यात आतल्या बाजूचा टोकदार कोपरा मशीनला नीट जमत नाही, तिथं कोपरा गोलसर येतो, असं वाचलंय. लूपमधून (घड्याळजीचं भिंग) बघताना तेवढं एक पुरतं का अजून काही बघता तुम्ही? ज्यांनी मूव्हमेंट (घड्याळाची आतली यंत्रणा) स्वतः उघडून पाहिलीय त्यांनी प्लीज सांगा, जाहिरातीतली भाषा वाचून कंटाळा आलाय.