अनुभव, उमेदवारी की नुसती मदत?

फोंड्याची मावशी: भाची अकरावीत आहे. मे महिन्यात आमच्या वाचनालयात मुलांचं शिबिर असतं, तिथं मदतनीस घेतायत, मानधन थोडंच पण तिचं पहिलंच काम. एका पानावर मराठीत माहिती लिहून आण म्हणाले. शाळेत इंग्रजी रेझ्युमेचा नमुना दिलेला तो पुढ्यात घेऊन बसलो, नाव पत्ता मार्क सगळं झालं आणि 'अनुभव'वर गाडी अडली. रविवारी मामाच्या किराणा दुकानात बिलं करते, शेजारच्या दोन पोरांचं गणित घेते, जत्रेच्या नाटकाला दोन वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. तिचे बाबा म्हणतात पगार नाही तर अनुभव कसला, हे खोटं लिहिणं झालं. मग ह्याला म्हणायचं काय?

डिचोलीकर: अनुभव शब्दात पगार कुठनं घुसला? संतांना अनुभव होता तो काय कुणी पगारपत्रक बघून ठरवला?

पेडण्याचा: ते राहू द्या, आधी पानाच्या डोक्यावर 'बायोडेटा' लिहू नका. माझ्या पुतण्यानं घरात ताईच्या लग्नासाठी केलेला होता तोच नमुना घेतला, रास नक्षत्र उंची आणि मामाचं आडनाव सकट. मुलाखतीत साहेब म्हणे, पत्रिका जुळते का बघू.

जुनापुराणा: बायोडेटा नको, रेझ्युमे नको, सगळं परकं. 'स्वपरिचय' लिहा की सरळ.

म्हापसेकर: परकं नको तर पगार पण सोडा, तो पोर्तुगीजांचा. अर्ज अरबी, शिफारस फारसी. मग पोरीनं मागायचं काय आणि कशानं?

कुळागरवाला: अर्जावरनं आठवलं, आमचे आजोबा 'दोन वर्षं उमेदवारी केली' म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं ते निवडणुकीला उभे राहिले होते. नंतर कळलं एका पेढीवर फुकट हिशेब लिहायचे, पुढेमागे नोकरी लागेल ह्या आशेवर. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे ती धरून बसलेला. मावशी, तुमचा शब्द हाच, बिनपगारी शिकत केलेलं काम.

म्हापसेकर: शब्द झकास. पण आज 'दोन वर्षं उमेदवारी' वाचून लोकांना वाटेल पोरगी पंचायतीला उभी राहिली आणि दोनदा पडली.

निवृत्त बाई: नामावर एवढं भांडण कशाला, क्रियापदं लिहा. चाळीस वर्षं मुलांचे अर्ज तपासलेत, 'मदत केली' वाचून काही कळत नाही. 'दर रविवारी बिलं केली, संध्याकाळी गल्ला जुळवला' असं लिहिलं की कळतं. आणि शिबिर लहान मुलांचं ना, मग गणित शिकवते ते सगळ्यात वर, दुकान खाली. नाटकाचं पण लिहा हो, विंगेत पुस्तक धरून दोन अंक उभं राहायचं आणि नट कुठं अडतोय ते त्याच्याआधी ओळखायचं, ही काय सोपी गोष्ट आहे?

जुनापुराणा: बरोबर. भाषांच्या रकान्यात मातृभाषा मराठी, हे विसरू नका.

पेडण्याचा: का? घरात कोंकणी बोलत असतील तर? कोंकणीला गोव्याची राजभाषा करणारा १९८७ चा कायदा वाचलाय का?

जुनापुराणा: वाचलाय, त्यात मराठीचं पण आहे. तुम्ही पूर्ण वाचलाय का?

कुळागरवाला: झालं सुरू.

फोंड्याची मावशी: तिनं 'घरी कोंकणी, लिहिणं-वाचणं मराठी' असं कधीच टाकलंय, तिला काही अडचण नाही. बाईंचं पटलं. पण त्या वाक्यांवर मथळा तर काहीतरी लागेल ना? 'केलेली कामं' म्हटलं तर बाबा म्हणतात मोलकरणीसारखं वाटतं.

डिचोलीकर: मला ते पगार पोर्तुगीज असल्याचं अजून पटलेलं नाही. आपल्याकडे वेतन होतंच की.

म्हापसेकर: पुस्तकात होतं. बाजारात काय म्हणता ते सांगा. लिलाव पण तिकडचाच, चावी पण, आणि तुमच्या बांधकामावरचं घमेलं पण.

डिचोलीकर: घमेलं?? काहीतरीच काय!