मावळ्यांना वुड स्टेन आणि वार्निशने शेडिंग, प्लास्टरवर चालेल का?

किल्लेकर_मालवण:
नमस्कार मंडळी. यंदा अंगणात सिंधुदुर्ग करतोय, तट जांभ्याच्या तुकड्यांचा रचलाय आणि दिल्ली दरवाजा खऱ्यासारखाच बुरुजांच्या आड लपवलाय, समोरून बघणाऱ्याला सापडत नाही. किल्ल्याचं काम झालंय, अडलंय ते मावळ्यांपाशी. एकूण 46 आहेत, 30 बाजारातले प्लास्टरचे दोन-अडीच इंची आणि 16 आतेभावाने पुण्याहून थ्रीडी प्रिंट करून पाठवलेले. सगळे ॲक्रेलिकने रंगवून झाले पण चार हातांवरून बघितले की नुसते सपाट दिसतात, अंगरख्याच्या चुण्या नाहीत, पागोट्याचे पीळ नाहीत, दाढीमिशी चेहऱ्यातच मिसळून जाते. एकेकाला बारीक ब्रशने सावली घालत बसलो तर दोन दिवसांत तीनच झाले आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय.
बाहेरच्या देशांत वॉरगेमवाले, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाईचे खेळ खेळणारे लोक पूर्ण शिपाईच लाकडाच्या स्टेनवाल्या, म्हणजे लाकडाला रंग देणाऱ्या वार्निशमध्ये बुडवून काढतात असं वाचलं, खाचांत आपोआप सावली बसते म्हणे. हार्डवेअरच्या दुकानात वॉलनट स्टेनचा डबा मिळतोय. इकडे कुणी केलंय का? प्लास्टरवर चालेल का? आणि आपल्या या दमट हवेत ते वाळणार किती दिवसांत? पोरांनी मनापासून रंगवलेत, खराब झालेले मला नाही चालणार.

रंगारी_देवगड:
केलंय, दोन वर्षं करतोय आणि मला ही पद्धत फार आवडते कारण पन्नास मावळे एका संध्याकाळी होतात. त्यामागचं कारण साधं आहे, वार्निश दाट असतं, उंच भागावरून ते ओघळतं आणि चुणीत, पट्ट्याच्या कडेला, बोटांच्या मध्ये साठतं, जिथे थर जाड तिथे रंग गडद. तिकडे आर्मी पेंटर कंपनीचं क्विकशेड नावाचं तयार रंगीत वार्निश येतं, सॉफ्ट, स्ट्राँग, डार्क अशा तीन छटांत, आणि त्याच्याही आधी अमेरिकेत लोक मिनवॅक्स पॉलिशेड्सची ट्यूडर छटा वापरायचे, ती तर फर्निचरचीच.
आता तुझ्या डब्याचं. विकत घ्यायच्या आधी मागे पातळ करायला काय सांगितलंय ते वाच. टर्पेंटाइन लिहिलं असेल तर घे, पूर्ण वाळलेल्या ॲक्रेलिकला ते सहसा काही करत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) थिनर लिहिलं असेल तर तिथेच ठेव, ते रंग सोडवतं आणि काही प्लास्टिक तर चिकट करून टाकतं. मी स्टेन घेतच नाही, साधं कोपल वार्निश, म्हणजे तेलाचं, घेतो आणि त्यात ऑइल कलरच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, घालतो. दोन चमचे वार्निश, एक चमचा टर्पेंटाइन, रंग हरभऱ्याच्या दाण्याएवढा. ढवळायचं, हलवायचं नाही, हलवलं की बुडबुडे येतात आणि ते नेमके चेहऱ्यावर वाळतात.
प्लास्टर मात्र शोषतं. जिथे रंग पातळ लागलाय तिथून स्टेन आत जातो आणि डाग पडतो, तो मग निघत नाही. म्हणून आधी फेविकॉलमध्ये पाणी घालून एक हात दे आणि रात्रभर ठेव. प्रिंटवाल्यांना याची गरज नाही, पण प्रिंटच्या आडव्या रेषा राहिल्या असतील तर स्टेन त्या रेषांत पण भरतो आणि मावळा लाकूड कोरल्यासारखा दिसतो, तेव्हा रंगवण्याआधी पॉलिशपेपर मारलेला हवा.
बुडवू नको, ब्रशने लाव. आणि मग दहा मिनिटं तिथून उठू नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. हनुवटीखाली, ढालीच्या मागे, पायाशी थेंब जमत राहतात, कोरड्या ब्रशने ते टिपून घ्यायचे. माझ्या पहिल्या खेपेचे मावळे याच कारणाने चिखलातून काढल्यासारखे झाले होते.

सुताराचो_नातू:
एक सांगतंय, चपडीचा, म्हणजे लाखेचा पॉलिश अजिबात लावू नको. आमच्या घरात सुताराचो धंदो, आजो सागाच्या कपाटांका चपडी लायत होतो, म्हणान माका वाटला ह्याच बरा. चपडी विरघळता स्पिरिटात आणि ॲक्रेलिकाक स्पिरिट लागला की रंग सुटता. पाच मावळ्यांची तोंडां पुसून गेली, डोळे, मिशी सगळा बोळ्यावर इला. झिलान रंगवलेले होते ते, त्येका काय सांगूचा ता माका कळना.
आणि तेलाच्या वार्निशाचे बोळे गोळो करून कोपऱ्यात टाकू नको, ते आपसूक तापतत आणि पेट घेऊक शकतत. बाहेर पसरून सुकव, मगच टाक.

वाडीकर:
वरच्या दोघांचं बरोबर आहे, फक्त शेवटचा टप्पा राहिला. हे वार्निश वाळलं की चकचकीत होतं. आमच्या सावंतवाडीत चितारआळीतल्या लाकडी फळांवर तशी चकाकी असते आणि ती फळाला शोभते, आंबा ताजा वाटतो. मावळ्याच्या कपड्यावर ती शोभत नाही, शिवाय उन्हात चमक मारते त्यामुळे घातलेली सावलीच दिसत नाही. वरून मॅट, म्हणजे बिनचमकीच्या वार्निशचा स्प्रे मारावाच लागतो.
तो स्प्रे आपल्याकडे धोक्याचा आहे. स्प्रेचं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, सगळ्या मावळ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. परतीचा पाऊस चालू असेल किंवा खाडीवरून ओला वारा येत असेल तर डब्याला हात लावू नकोस. कडक ऊन पडलेल्या दिवशी अकरा ते तीनच्या मध्ये, सावलीत, पातळ पातळ दोन हात. पांढरं पडलंच तर घाबरून पुसायला जाऊ नको, दुसऱ्या कोरड्या दिवशी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत स्प्रेचा हात मारला की बऱ्याचदा जातं, मग परत मॅट.
वाळण्याचं म्हणशील तर तेलाचं वार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, दमट हवेत ते रेंगाळतं. तिकडचे लोक एक-दोन दिवस सांगतात, आपल्याकडे मी चार धरतो. नखाने दाबून बघ, ठसा उमटला तर थांब.

किल्लेकर_मालवण:
सगळ्यांचे खूप आभार. दुकानातल्या डब्यावर एनसी थिनरच लिहिलं होतं, म्हणून कोपल वार्निश आणि बर्न्ट अंबर आणला. चार मावळ्यांवर करून बघितलं, दोन प्लास्टरचे दोन प्रिंटचे. काय फरक पडलाय! पागोट्याचा एकेक पीळ मोजता येतो, भगवा शेला खाली गडद होत गेलाय, आणि दाढी आता दाढी दिसते. चार दिवस नाही, पाच लागले वाळायला.
एकच गोष्ट खटकतेय, पांढरे अंगरखे पिवळट झाले, चहात धुतल्यासारखे. ज्यांचे अंगरखे पांढरे आहेत असे अजून अकरा आहेत, त्यांचं काय करू?

रंगारी_देवगड:
तेलाचं वार्निश मुळातच पिवळसर असतं, पुढे कपाटात बंद ठेवलंस तर अजून पिवळं पडेल, दिवाळीनंतर थोड्या उजेडात ठेव. त्या अकरांच्या पांढऱ्या भागाला हे लावूच नको. करडा ॲक्रेलिक भरपूर पाण्यात पातळ करून फक्त चुण्यांत सोड, बाकी चेहरा, पट्टा, ढाल यांना वार्निश चालेल. जे चार झालेत त्यांच्या अंगरख्याच्या उंच भागावर मॅट स्प्रे झाल्यावर शुद्ध पांढरा रंग कोरड्या ब्रशने हलका घास, खाचेतला पिवळा तसाच राहू दे, तो मळलेल्या सुती कापडासारखाच वाटतो.
आणि उरलेल्या बेचाळीसांना उद्याच हात घाल. पाच दिवस वाळायला आणि स्प्रेसाठी एक कोरडा दिवस धरला तर तुझ्याकडे फार वेळ नाहीये.