पावणेदोन लाखांच्या बेसला कानस कोणी मारायची?

चौथी तार
परवा एकाने लिहिलं होतं, "महागड्या ब्रँडची गिटार घेऊन नट आणि फ्रेटबद्दल रडणारे वादक नसतातच. लाकूड आहे, सेटअप लागणारच. एवढं कळत नसेल तर स्वस्तातली घ्या." दोन ओळींत उत्तर देऊन समाधान झालं नाही, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: नेक म्हणजे गिटारची मान, फिंगरबोर्ड म्हणजे तिच्यावरची बोटं ठेवायची पट्टी, फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारा, आणि नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्यातून जातात ती खाचांची पट्टी.)

मी १८ वर्षं बेस, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार, वाजवतोय. ऑर्केस्ट्रा, लग्नं, गणपती. पहिले तीन बेस सेकंडहँड होते. गेल्या वर्षी पहिल्यांदा कोरा करकरीत, अमेरिकेत बनलेला, मोठ्या नावाचा बेस घेतला. १ लाख ७५ हजार. घरी येऊन खोका उघडला तर जीची (सगळ्यात बारीक) तार फिंगरबोर्डच्या कडेला इतकी टेकलेली, की बाराव्या फ्रेटच्या पुढे जरा जोर दिला की कडेवरून खाली घसरायची. ईच्या (सगळ्यात जाड तारेच्या) बाजूला मात्र ऐसपैस जागा. म्हणजे नेक तिरका बसवलेला. नेक आणि बॉडीच्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड सरळ आत गेलं. चौदावा फ्रेट उंच, त्यामुळे तेराव्यावर बोट ठेवलं की खरखर. नटच्या खाचा इतक्या उथळ की पहिल्या फ्रेटवरचा एफ चढाच लागायचा.

दुकानदार म्हणाला, "सर, सेटअप करून घ्या." कंपनीला मेल केला. सेटअप वॉरंटीत येत नाही, असं उत्तर आलं.

ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून नेकची कमान ठीक करणं, सॅडल (खालच्या टोकाला तार टेकते तो तुकडा) वरखाली करणं, इंटोनेशन लावणं (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येईल असं बघणं), याला सेटअप म्हणतात. तो मी दर पावसाळ्यात स्वतः करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिरका नेक, उंच फ्रेट आणि नीट न कापलेला नट हे अर्धवट सोडलेलं काम आहे. एवढे पैसे घेतल्यावर कोणीतरी अर्धा तास कानस घेऊन बसावं, ही अपेक्षा जास्त आहे का?

निळा पिक
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. कारखान्यात हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तिथून वाद्य कंटेनरमध्ये समुद्रावरून येतं, मग गोदाम, मग दिवसभर एसी आणि रात्री बंद असं दुकान, आणि शेवटी जुलैतलं ठाणे, जिथे आर्द्रता ८० च्या वर. लाकूड फुगणार, फ्रेट हलणार. यात कारखान्यातल्या माणसाचा काय दोष? तुम्ही कधी लाकडाला पटाशी लावली आहे का?

चौथी तार
लावली आहे. आमच्या वडिलांचं फर्निचरचं काम होतं, शाळेच्या सुट्ट्या रंधा मारण्यात गेल्या. दमट हवेने लाकूड फुगलं तर सांधा घट्ट होतो, त्यात कार्ड शिरत नाही. फट आधीपासून होती. आणि बेस मी फेब्रुवारीत घेतला.

न्यूजर्सीकर
हवेचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. इथे हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झालं की आर्द्रता २५ पर्यंत खाली येते, फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं करवतीसारखी हाताला लागतात. नागपुरात मे महिन्यात हेच होत असणार. पण माझ्याकडे दोन गिटार एकाच भिंतीवर आहेत. एक अमेरिकन, एक इंडोनेशियात बनलेली, किंमत पहिलीच्या चौथ्या हिश्शाहून कमी. हवा दोघींना तीच. टोचते ती महागडीच. स्वस्तीच्या फ्रेटची टोकं कोणीतरी नीट गोल केलेली आहेत, एवढाच फरक.

जुना वादक
यात नवीन काही नाही. फेंडर गिटारवाल्या लिओ फेंडरने १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, त्यानंतर हेच रडगाणं सुरू झालं. १९७१ पासून काही मॉडेलच्या नेकला चारऐवजी तीन बोल्ट आले आणि नेक सरकतो म्हणून लोक बोंबलू लागले. १९८५ मध्ये तिथल्याच लोकांनी कंपनी परत विकत घेतली. आज सत्तरच्या दशकातल्या त्याच वाद्यांना व्हिंटेज म्हणून लोक वेड्यासारखे पैसे मोजतात.

सहा तारा
काका, दोष तीन बोल्टच्या कल्पनेत नव्हता. बॉडीतला खळगा सैल कापायचे, म्हणून नेक हलायचा. खळगा घट्ट असेल तर तीन बोल्टही पुरतात. म्हणजे मुद्दा तोच, कापणाऱ्याच्या हाताचा.

आणि गिब्सन कंपनीच्या गिटारचं कोणीच का बोलत नाही? हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) १७ अंश मागे झुकलेला, नेक महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेला, त्यामुळे वळणावर लाकडाचा रेषा आडवा येतो. त्यात तिथेच ट्रस रॉडच्या नटसाठी (स्क्रूवाला नट, तारांचा नव्हे) खाच. स्टँडवरून पाठीवर पडली की मान मोडलीच. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे!

निळा पिक
तो आराखड्याचा प्रश्न आहे, बनावटीचा नाही. दोन्हींची भेसळ करू नका. १९७० च्या आसपास त्यांनी मानेमागे जाडी ठेवून पाहिली, पुढे तीन तुकडे जोडून मेपलचे नेकही केले. तेव्हा लोकांनीच नाकं मुरडली, मूळ गिटार अशी नव्हती म्हणून. गिऱ्हाइकाला ऐतिहासिक पण हवी आणि न मोडणारी पण हवी.

मिरजेचा भोपळा
मी मिरजेचा. सतार-तंबोरे करणाऱ्या घरातला. तुमची सगळी चर्चा वाचून राग आला म्हणून लिहितोय. तंबोऱ्याची जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून झंकार लावणं) वारंवार काढावी लागते, तारेने घोडीवर खाच पडते. बाई-बुवा वाद्य घेऊन येतात, बसतात, कानाने तपासतात, घेऊन जातात. कोणी म्हणत नाही की वाद्य सदोष होतं. वाद्य जिवंत असतं, त्याची सेवा करावी लागते. गिटारवाल्यांना सगळं फ्रिजसारखं हवं, प्लग लावला की चालू.

शिवाय पावणेदोन लाख परदेशी कंपनीला घासाघीस न करता देता. आमच्याकडे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, महिनोन्महिने वाळवायचा, तुनाचं लाकूड मुरवायचं, कोरीव काम हाताने करायचं. तंबोऱ्याची किंमत सांगितली की म्हणतात, थोडं कमी करा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. हार घातले, फोटो काढले. घरातली पोरं या कामात राहायला तयार नाहीत त्याचं काय?

सहा तारा
सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, बेसूर लागला तर सरकवता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला असतो. उंच राहिला तर घासण्याशिवाय इलाज नाही. तुलना जुळत नाही.

मिरजेचा भोपळा
तुम्ही मला पडदे शिकवू नका. आमच्या आजोबांनी जन्मभर पडदे बांधले. ही पोरं दोन व्हिडिओ बघून कारागिराला शहाणपण शिकवतात, मी हे गेली पंधरा वर्षं गल्लीत बघतोय. परवाच एक मुलगा आला, मोबाइलवरचा ट्यूनर घोडीला लावून म्हणतो, तुमची जवारी चुकली. जवारी ट्यूनरला कळते?

आवाज-वाली
दादा, त्या मुलाचा राग सहा तारांवर काढू नका. मी गाते. माझा तंबोरा मिरजेचाच आहे, नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवशी खोळीतून काढला, तारेखालचं सूत सरकवलं आणि जो आवाज निघाला तो अजून कानात आहे. जवारी दीड-दोन वर्षांनी पहिल्यांदा काढून घेतली. म्हणून सरळ विचारते, तुमच्या घरातून नवा तंबोरा जवारी न काढता कधी बाहेर गेलाय का?

मिरजेचा भोपळा
कधीच नाही. जवारी न लावता वाद्य गिऱ्हाइकाच्या हातात दिलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

चौथी तार
मग माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे? घोडी झिजली, परत काढून घेतली, ही सेवा. ती मी आनंदाने करतो. पण नट ही गिटारची पहिली जवारी आहे, आणि ती न काढताच माझ्या हातात वाद्य दिलं.

मिरजेचा भोपळा
हं. एवढ्यापुरतं बरोबर आहे. फ्रिजचं वाक्य मात्र मागे घेत नाही.

जुना वादक
जीच्या तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला सूर पटकन मरतो, ते कोणी बोला की! मी तीन बेस बदलले त्यापायी.

चौथी तार
काका, तो दोष मी कंपनीच्या माथी मारणार नाही. नेकची स्वतःची कंपनं त्या सुराच्या जवळ असतात, तारेची ताकद नेक खातो. चांगल्यातल्या चांगल्या बेसलाही असतं. हेडस्टॉकला क्लॅम्प लावून वजन वाढवून बघा, जागा सरकते.

निळा पिक
हे प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून मीही लिहितो. तिरक्या नेकचं समर्थन माझ्याकडे नाही. माझ्या गिटारचा नट मीसुद्धा घेतल्या घेतल्या बदलून घेतला होता, पैसे भरून, आणि त्याला सेटअपच म्हणत आलो. मोठ्या कंपन्यांकडे आज फ्रेट मापून घासणारी प्लेक यंत्रं आहेत, तरी उंच फ्रेट सुटत असेल तर शेवटी तपासणाऱ्याला वेळ दिला जात नाही एवढाच अर्थ निघतो. पण "स्वस्तातली घ्या" हे मी टोमणा म्हणून लिहिलं होतं आणि न्यूजर्सीकरांनी तोच सल्ला करून टाकला, हे काही मला पटलेलं नाही. त्या गिटारची पिकअप (तारेचा आवाज पकडणारी चुंबकं) आणि खुंट्या पाच वर्षांनी काय म्हणतात ते बघू.

न्यूजर्सीकर
सहावं वर्ष चालू आहे. पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) एकदा खरखरला, स्प्रे मारला. बाकी काही नाही.

आवाज-वाली
चौथी तार, त्या बेसचं पुढे काय झालं? परत केला का?

चौथी तार
दुकानदार परत घेईना. दादरला एक मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेले, त्यांच्याकडे नेला. त्यांनी तारा चढलेल्याच ठेवल्या, मागचे चारही स्क्रू पाऊण फेरा सैल केले, नेक धरून ईच्या दिशेला एकच हिसका दिला आणि लगेच आवळले. जी जागेवर आली. मग नटच्या खाचा कापल्या, चौदावा फ्रेट घासून पुन्हा गोल केला. अडीच तास लागले. बाराशे रुपये घेतले. मी दोन हजार पुढे केले तर आठशे परत दिले.

मिरजेचा भोपळा
बाराशे फार कमी घेतले. पुढच्या वेळी आठशे परत घेऊ नका.