जुनी मिनी: मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप यांच्या जोडातून वारंवार होणारी गळती

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे ९९८ सीसी इंजिनाची जुनी मिनी मोटार आहे. मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या भागाला) डाउनपाइप (तिथून खाली जाणारी नळी) जिथे जोडला जातो, तिथून एक्झॉस्टचा धूर बाहेर पडतो. थंड इंजिन सुरू केले की टक्-टक् असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो बराचसा कमी होतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफटही ऐकू येते. सुरुवातीला हा टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज वाटल्याने टॅपेट सेट करून घेतले, पण फरक पडला नाही. त्यानंतर दोनदा क्लॅम्प बदलला आणि दोन्ही वेळा भरपूर एक्झॉस्ट पेस्ट लावली. तरी पाचसहाशे किलोमीटर झाले की पेस्टचा भुगा होऊन ती गळून पडते. या जोडात गास्केट (दोन भागांमधली गळती रोखणारी पट्टी) नसते असे मला सांगण्यात आले, ते बरोबर आहे का? आणि आता मॅनिफोल्डच बदलावा लागेल का?

प्रतिसाद १
गास्केटबद्दल आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. दोन्ही नळ्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला तिरक्या पसरलेल्या असतात आणि क्लॅम्पच्या दोन अर्धगोल तुकड्यांतली खाच त्या कडांना एकमेकींवर ओढून धरते. म्हणजे जोड बसतो तो धातूवर धातू घट्ट टेकल्यामुळे, आणि पेस्टचे काम फार तर बारीक खाचखळगे भरण्याचे. मॅनिफोल्ड बदलण्याची घाई करू नये.

आधी गळती नेमकी कुठे आहे याची खात्री करावी, कारण मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधल्या गास्केटमधून होणारी गळतीही अगदी अशीच वाजते. थंड इंजिन सुरू करून मागच्या नळीच्या तोंडावर कोणाला तरी जाड ओले फडके काही सेकंद धरायला सांगावे. दाब वाढला की फुसफुस कुठून येते ते स्पष्ट कळते. काजळीचा काळा पट्टाही जागा दाखवतो.

बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवावेत. जोड सुटल्यावर जुन्या पेस्टचा कण न् कण तारेच्या ब्रशने काढावा आणि डाउनपाइपची कड जिथे वळते तिथे बारीक चीर आहे का, हे उजेडात फिरवून पाहावे. बसवताना पुष्कळांची चूक होते ती क्रमात. सगळे ब्रॅकेट आधी आवळून टाकले तर पाइप ताणलेल्या अवस्थेत क्लॅम्पमध्ये जातो आणि कडा एका बाजूनेच टेकतात. सर्व काही सैल अडकवावे, पाइप आपोआप जिथे बसेल तिथे बसू द्यावा, मग क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत आणि ब्रॅकेट त्यानंतर. क्लॅम्पच्या दोन तुकड्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहिली पाहिजे. तुकडे एकमेकांना भिडले असतील, तर बोल्ट कितीही आवळले तरी कडांवर पकड येत नाही. अशा वेळी कडा झिजलेल्या आहेत किंवा क्लॅम्प चुकीच्या मापाचा आहे असे समजावे. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाले की बोल्ट पुन्हा आवळावेत.

प्रतिसाद २
वरील क्रम योग्यच आहे, पण पेस्टचा भुगा होतो याचा अर्थ तो जोड हलतो आहे, आणि तो का हलतो हे शोधल्याशिवाय तिसरा क्लॅम्पही टिकणार नाही. १९५९ मध्ये आलेल्या मिनीत इंजिन आडवे बसवलेले आहे, त्यामुळे क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना ते पुढे-मागे झुलते. हे झुलणे आवरण्यासाठी इंजिन आणि त्याच्या मागचा केबिनचा पत्रा यांच्यामध्ये एक आखूड दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन रबरी बुश असतात. ते बुश गेले की इंजिन मोकळे झुलते, खालचा पाइप मात्र गाडीला बांधलेला राहतो आणि सगळा पीळ या एकाच जोडावर येतो. माझ्या गाडीतला बुश काढला तेव्हा त्याचे रबर बोटांत चुरले आणि मधले भोक लंबगोल झालेले दिसले.

इंजिन बंद आणि थंड असताना वरून धरून पुढे-मागे ढकलून पाहा. तसेच डाउनपाइपला गिअरबॉक्सशी बांधणारा ब्रॅकेट जागेवर आहे का, तेही पाहा. पाइप इंजिनाबरोबर हलावा, त्याच्या विरुद्ध नाही, यासाठीच तो असतो.

प्रतिसाद ३
दुरुस्ती होईपर्यंत एक काळजी अवश्य घ्यावी. हा जोड इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्यालगत आहे, आणि त्या पत्र्यातून जाणाऱ्या केबलींची रबरे जुन्या गाड्यांत बहुधा निखळलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे वास येत नाही म्हणून धूर आत येत नाही असे धरू नये. काचा उघड्या ठेवा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका आणि ती भोके बुजवून घ्या.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. इंजिन हाताने ढकलताच दांडा खटकन् वाजला. चारही बुश गेलेले होते. गिअरबॉक्सजवळचा ब्रॅकेट तर नव्हताच, त्याच्या बोल्टांची भोके चिखलाने भरलेली होती. बुश नवे घातले, ब्रॅकेट बसवला, केबलींची रबरे बदलली आणि तोच मॅनिफोल्ड, तोच क्लॅम्प सांगितलेल्या क्रमाने बसवला. इंजिन थंड झाल्यावर दोन्ही बोल्ट जवळजवळ पाव आटा आणखी फिरले. आठशे किलोमीटर झाले, जोडावर काजळी नाही आणि सकाळची टक्-टक् थांबली आहे. फटफट मात्र थोडी उरली आहे. मागच्या सायलेन्सरच्या जोडावरही काळा डाग दिसतो, तेव्हा या रविवारी ओले फडके धरून तोही जोड तपासणार आहे.