रंगवलेली कपाटं आणि उघडं लाकूड: तुमच्या स्वयंपाकघराचा अनुभव सांगा

आमच्या स्वयंपाकघराचं काम दिवाळीनंतर काढायचं ठरलंय. खालची कपाटं शेवाळी, वरची ताकाच्या रंगाची. वाईच्या घरातून आजीच्या फडताळाची दोन सागवानी दारं आणून ठेवली आहेत. त्यांच्यावर ऑइलपेंटचे किमान तीन थर आहेत: निळा, पिस्ता, तपकिरी. एका कोपऱ्यात पोपडा सुटलाय, तिथून आतला साग दिसतो. ही दारं नव्या कपाटांत बसवायची, पण लाकूड लाकडासारखंच दिसायला हवं, एवढी माझी इच्छा आहे.

मिस्त्री म्हणतात, "ताई, एक तर सगळं रंगवा, नाहीतर सगळ्याला लॅमिनेट लावा. रंग आणि लाकूड शेजारी ठेवलं की दोन-तीन वर्षांत एकाचा रंग एकीकडे जातो, दुसऱ्याचा दुसरीकडे." माणूस अनुभवी आहे, त्यामुळे हे बोलणं मला उडवून लावता येत नाही.

म्हणून ज्यांनी हे केलंय त्यांना विचारते. कोणतं लाकूड, कुठे बसवलं, शेजारी कोणता रंग होता आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर आज कसं आहे? नव्याकोऱ्या कामाचे फोटो खूप पाहून झाले. मला तेलाचं, वाफेचं, हळदीचं ऐकायचंय.

ठाण्याहून

आमचं काम २०१९ चं. शटर (कपाटांची दारं) एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, त्यावर पांढरा पीयू (पॉलियुरेथेनचा रंग). प्लायवर रंग मारला की काही महिन्यांनी प्लायच्या रेषा रंगातून वर येतात, म्हणून रंगासाठी एमडीएफ घेतला. सिंकखाली मात्र एमडीएफ अजिबात नको. कडेने पाणी शिरलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं, पाणी सोसणारं मरीन प्लाय घेतलं.

लाकूड म्हणून गॅसच्या उजव्या हाताला सागाच्या व्हिनिअरचं उघडं शेल्फ केलं. ती माझी चूक. चिमणी रोज चालू असूनही सहा महिन्यांत शेल्फच्या खालच्या बाजूला बोट चिकटायला लागलं. पुसून पुसून पॉलिश गेलं. व्हिनिअर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, पॉलिश पेपरने दोनदा घासलं की खालचं प्लाय दिसायला लागतं. शेवटी शेल्फ काढून खिडकीशेजारच्या भिंतीवर लावलं. तिथे ते आजही छान आहे. गॅसपासून हातभर तरी लांब असू द्या.

हळदीचंही सांगते. पांढऱ्या शटरवर मुलीच्या हळदीच्या हाताचा ठसा पडला. घाईत साबण लावला तर डाग लालभडक! साबणाने हळद लाल होते, पाण्याने पुसल्यावर परत पिवळी झाली, पण झाक राहिली. तीन-चार दिवसांनी पाहते तर खिडकीकडच्या शटरवरची झाक गेलेली आणि आतल्या बाजूच्या शटरवरची तशीच. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तेव्हापासून तसा डाग पडला की त्या शटरच्या क्लिपच्या बिजागऱ्या सोडवते आणि दार दुपारभर बाल्कनीत उभं करते.

रत्नागिरीहून

मी फणसाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे तोच आहे. २०१४ च्या पावसात परड्यातला फणस पडला. फळ्या पाडून मधे पट्ट्या घालून दोन वर्षं माळ्यावर वाळवल्या आणि मग ओट्यासमोरची मांडणी, वरच्या कपाटांची खालची पट्टी आणि मुठी त्याच्या केल्या. बाकी कपाटांना फिकट करडा रंग.

नवीन फणस पिवळाधमक असतो. करड्याशेजारी इतका सुंदर दिसला की येणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. पण फणस पिवळा राहत नाही. तीन वर्षांत तो तांबूस तपकिरी झाला आणि तोच करडा रंग त्याच्याशेजारी मळकट दिसायला लागला. मांडणीवरचा तांदळाचा डबा एकदा उचलला तर खाली पिवळा गोल. डब्याच्या आडोशाला लाकूड पहिल्या दिवशीच्या रंगाचं राहिलं होतं. तेव्हा कळलं की मी रंग निवडला तो त्या वर्षीच्या लाकडाशेजारी ठेवून.

मग परत रंगवलं. या वेळी माजघराचं जुनं फणसाचं दार आहे, त्याला रंगाचे नमुने टेकवून पाहिले. दाट हिरवा जमला, तो अजून जमतो. कोणतंही लाकूड घ्या, त्याच जातीची जुनी वस्तू शोधा, पाट, पेटी, काहीही, आणि रंग तिच्याशी जुळवा. तुमची दारं तर मुळातच जुनी आहेत, पण घासल्यावर वरचा थर जाऊन ती थोडी फिकी निघतील. रंग ठरवायची घाई करू नका.

मिनीॲपोलिसहून

आमच्याकडे मेपलची रंगवलेली दारं आणि मधल्या आयलंडला (मधोमध सुट्या ओट्याला) अक्रोडाच्या लाकडाचा माथा. इथे थंडीत बाहेर उणे वीस आणि घरात दिवसरात्र हीटर, हवा अगदी कोरडी. लाकूड आकसतं. दाराच्या चौकटीचे आडवे-उभे तुकडे जिथे मिळतात तिथे जानेवारीत रंगात केसासारखी चीर दिसते आणि जूनमध्ये ती आपोआप मिटते. पहिल्या वर्षी मी तक्रारीचा फोन केला होता. रंगारी शांतपणे म्हणाला, खरं लाकूड रंगवलंत तर हे होणारच, चीर नको असेल तर दार एमडीएफचं हवं. हवा दमट ठेवणारा ह्युमिडिफायर आणल्यापासून चिरा कमी झाल्या, गेल्या नाहीत.

अक्रोडाची गंमत उलटी. बरीच लाकडं उन्हाने गडद होतात, हे फिकं होतं. काचेच्या दाराकडची बाजू आता दुधाच्या चहासारखी आहे आणि आतली कोऱ्या चहासारखी. आई आली की त्याच माथ्यावर पोळ्या लाटते. पोळपाट लागतच नाही म्हणते.

चंद्रपूरहून

घराणं सुताराचं. वडील बल्लारशाच्या लाकूड डेपोतून लिलावात साग घ्यायचे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच भागातून साग गेला, तेव्हा ते फार खुश झाले होते. मी स्वतः आता मॉड्युलरची कामं करतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

ताई, सर्वांत आधी एक सांगतो. दारांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा आहे, त्याआधीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. ती पूड घरात उडाली तर लहान मुलांना फार वाईट. ब्लोअरने जाळूही नका. उघड्यावर, हातमोजे घालून, पेंट रिमूव्हर लावा, ओला लगदा खरवडून कागदात बांधा. राहिलेलं घासायचं ते पाणी मारून.

दुसरं, सागात स्वतःचं तेल असतं. ताज्या घासलेल्या सागावर थेट पॉलिश किंवा पीयू मारलं की ते काही दिवसांनी सालपटासारखं निघतं. थिनरच्या फडक्याने पुसायचं, थिनर उडाला की लगेच पहिला हात द्यायचा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर तेल परत वर येतं.

तिसरं, दार नव्या चौकटीत भरणार असाल तर आतली फळी खाचेत कोरडी बसवायला सांगा, फेविकॉल नाही. लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, रुंदीला हलतं. पावसाळ्यात पसरेल, मे महिन्यात आकसेल, त्याला तेवढी जागा हवी. फळी चिकटवली की ती मधोमध फाटते, आणि लोक म्हणतात साग खराब निघाला.

आणि दाराच्या कडेला लाकडाचा पांढरट पट्टा दिसतो का बघा. तो सालीलगतचा भाग. वाळवी आणि पोखरणारा किडा गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, पण हा पट्टा सोडत नाही. बारीक भोकं आणि खाली पिवळट भुकटी दिसली तर आधी औषध, मग बाकीचं.

नाशिकहून

मी लाकूड काढून टाकलं, तेही सांगायला हवं. आईंची नजर अधू झाली आहे. लाकडाच्या शिरांमध्ये सांडलेलं वरण, चिकटलेली मोहरी त्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. त्या दिवसभर स्वयंपाकघरात असतात आणि ओटा स्वच्छ असल्याची खात्री त्यांना स्वतःला वाटली पाहिजे. आता सगळं एकसारखं, फिकट पिवळं आणि गुळगुळीत आहे. कडा तेवढ्या गडद ठेवल्या, म्हणजे दार उघडं आहे की बंद ते त्यांना कळतं. ज्यांच्या घरात लाकूड जमतं त्यांचं वाचून छान वाटतं, पण आमच्या घरी हेच बरोबर होतं.

फोंड्याहून

आमची शटर पहिल्या पावसातच वाकली. काम करणाऱ्याने समोरच्या बाजूला चार हात पीयू दिला होता आणि आतली बाजू नुसती पॉलिश पेपर मारून सोडली होती. आतून दमट हवा शिरली, बाहेरून रंगाने वाट अडवलेली, दार धनुष्यासारखं झालं. जितके हात बाहेर तितकेच आत, हे काम देताना लिहूनच घ्या. आम्ही दुसऱ्यांदा सगळं करून घेतलं.

लीड्सहून

आमच्याकडे निळसर रंगाची कपाटं आणि ओकचा ओटा. कोल्हापूरहून आणलेला लोखंडी तवा धुऊन ओलाच ओट्यावर ठेवला आणि रात्री विसरले. सकाळी तवा उचलला तर खाली शाई सांडल्यासारखं निळं-काळं वर्तुळ. ओकमध्ये टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो, ओलं लोखंड लागलं की ते काळं पडतं. घासून गेलं नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत डाग विरत गेला. हातमोजे घाला, ते विषारी असतं, नंतर भरपूर पाण्याने धुवा. आता तव्याला खिळ्यावर जागा दिली आहे.

ओट्याला दर तीन-चार महिन्यांनी जवसाचं तेल लावते. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास येतो. जवसाचं वाळतं. पण तेल पुसलेली फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची.

सांगलीहून

एवढा खटाटोप झेपणारा नसेल तर नुसत्या मुठी लाकडाच्या करा. आमच्या शिसवी आहेत, कपाटं पांढरी. आठ वर्षं झाली. हाताच्या तेलानेच त्यांना चकाकी आली आहे, आम्ही वेगळं काही केलं नाही.

पुन्हा मी, पुण्याहून

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं आणि मिस्त्रींनाही वाचून दाखवलं. फोंड्याचा अनुभव ऐकून ते म्हणाले, हे बरोबर आहे, आतून-बाहेरून सारखेच हात देईन. दारं गॅसच्या भिंतीवर लावायचा बेत सोडला. समोरच्या भिंतीवर पिठाच्या डब्यांचं कपाट होतंय, त्याला ती बसतील. ऊनही तिथे तिरपंच येतं.

चंद्रपूरच्या दादांनी सांगितलं तसं गच्चीवर रिमूव्हर लावून एक दार सोलून काढलं. पूर्ण रविवार गेला. तपकिरी लगेच सुटला, पिस्ताही सुटला, निळा मात्र शिरांमध्ये बसलाय. ब्रशने थोडा काढला, थोडा तसाच राहू दिलाय. शेवाळी रंगाचे तीन नमुने सकाळी अकराच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली त्या दाराला टेकवून पाहिले. दिवसा मला आवडलेला नमुना रात्री काळपट दिसला, म्हणून एक छटा फिका घेतला.

जुनी लोखंडी कडी काढली तेव्हा तिच्याभोवती, जिथे आजीचा ओला हात रोज लागत असणार तिथे, बोटभर रुंदीचा निळा-काळा डाग निघाला. लीड्सच्या ताईंनी लिहिलेला तोच. मिस्त्रींनी ऑक्झॅलिक ॲसिड आणायचं का विचारलं. मी नको म्हणाले. कडी गंज काढून, लाख लावून त्याच जागी परत बसवायला सांगितली आहे.